दोन अंमलांमधला मुलूख

बंगळूरच्या दक्षिण भागातलं जे. पी. नगर म्हणजे जयप्रकाश नारायण यांच्या नावाची, टप्प्याटप्प्याने पसरत गेलेली वसाहत. तिच्या पोटात सारक्की, पुट्टेनहळ्ळी, जरगनहळ्ळी ही जुनी खेडी विरघळून गेली आहेत. पुण्याहून, सोलापूरहून, बेळगावहून नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबं इथे घर घ्यायला निघतात, तेव्हा वकील जुन्या कागदांचा गठ्ठा पुढ्यात ठेवतो. लिपी कानडी असते, वाचता येत नाही. वकील वाचून दाखवू लागला की मात्र ओळखीचं काहीतरी कानावर पडतं. सर्व्हे नंबर, पहाणी, आकारबंद, टिपण, खातं. इमारत आज सात मजली असेल, पण तिच्या मालकीची साखळी कुठल्यातरी नाचणीच्या शेतापर्यंत मागे जाते आणि त्या शेताला एक आकडा असतो.

या साम्याचं जवळचं कारण सापडतं. म्हैसूर संस्थान १८३१ ते १८८१ अशी पन्नास वर्षं इंग्रज कमिशनरांच्या हाती होतं आणि १८६३ साली तिथे जमिनीची मोजणी सुरू झाली ती मुंबई इलाख्याच्या धर्तीवर. इंदापूर, पुणे, सोलापूर, धारवाड इथे जी रीत घडली, तीच बंगळूरभोवतीच्या खेड्यांना लागू झाली. पण त्याआधी, मुंबई इलाख्याकडे ती येण्यापूर्वी, रयतेशी थेट हिशेब ठेवण्याची ही कल्पना, म्हणजे रयतवारी, जिथे पहिल्यांदा नीट अंमलात आली ती जागा पुण्याजवळ नव्हतीच. ती होती बंगळूरहून होसूरमार्गे खाली उतरणाऱ्या रस्त्यावर, आजच्या तमिळनाडूतल्या कृष्णगिरी, धर्मपुरी, सेलम या पट्ट्यात. तेव्हा त्याला बारामहाल म्हणत. आणि तिथे ती शांततेच्या काळात, एखाद्या विद्वानाच्या टेबलावर जन्मली नव्हती. लढाईत जिंकलेल्या मुलखाचा ताबा लष्करी अंमलदारांच्या हाती आला आणि वसूल तर लगेच हवा होता, त्या निकडीतून ती आली.

ती लढाई म्हणजे १७९० ते १७९२ चं तिसरं म्हैसूर युद्ध. एका बाजूला टिपू सुलतान, दुसऱ्या बाजूला कंपनी, निजाम आणि पेशवे. शाळेच्या पुस्तकात ती श्रीरंगपट्टणच्या तहाच्या एका ओळीत संपते. त्या दोन वर्षांत म्हैसूरच्या माणसांचं काय झालं, कोणाचा हुकूम कुठपर्यंत चालत होता, पट्टी कोणाला भरायची होती, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. आणि तो मुलूख ताब्यात घेणाऱ्यांत एक मोठा हिस्सा मराठी होता.

कंपनीचा गव्हर्नर जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिस ५ मार्च १७९१ ला बंगळूरसमोर येऊन ठेपला. ७ तारखेला पेठ पडली. कंपनीचा तोफखान्याचा अधिकारी मूरहाउस वेशीतच मारला गेला. टिपूने त्याच दिवशी पेठ परत घ्यायचा जबर प्रयत्न केला, तो फसला. २१ मार्चच्या रात्री किल्ल्याच्या तटाला पाडलेल्या भगदाडातून इंग्रज आत शिरले. सत्तरीचा किल्लेदार बहादूर खान लढता लढता पडला. कृष्णराजेंद्र रोडवर किल्ल्याचा जो तुकडा आज उरला आहे, त्याच्या भिंतीवर या भगदाडाची खूण सांगणारा दगड अजून आहे. शेजारून सिटी मार्केटच्या बसेस जातात.

त्या रात्रीपासून पुढचं वर्षभर बंगळूर इंग्रज फौजेच्या ताब्यात होतं. टिपूचं राज्य मात्र संपलेलं नव्हतं. श्रीरंगपट्टण त्याचं, मधला बराचसा मुलूख त्याचा, डोंगरी किल्ले त्याचे. नंदीदुर्ग ऑक्टोबर १७९१ पर्यंत आणि सावनदुर्ग डिसेंबरपर्यंत त्याच्याकडेच होता. उत्तरेला धारवाड मराठ्यांनी सहा महिन्यांच्या वेढ्यानंतर एप्रिल १७९१ मध्ये घेतलं. पूर्वेकडे निजामाच्या फौजा फिरत होत्या. एका राज्यात असे चार अंमल होते, आणि त्यांच्या सीमा महिन्या-महिन्याला सरकत होत्या.

अशा वेळी खेड्यातल्या माणसाने कोणाला मानायचं? चिक्कबळ्ळापूरचंच पाहा. हैदर-टिपूंनी हुसकून लावलेल्या जुन्या पाळेगारांना इंग्रजांनी ‘तुमचा मुलूख परत घ्या’ म्हणून बोलावलं. ते आले, ठाणं धरलं, आणि इंग्रज फौज पुढे सरकताच टिपूची माणसं परतली. ज्यांनी नव्या मालकाचा पक्ष घेतला होता, त्यांना त्याची भयंकर किंमत मोजावी लागली. ताबा घेणारा आपलं अभय जितक्या सहज देतो, तितक्या सहज ते निभावत नाही. चिक्कबळ्ळापूरच्या माणसांना हे काही आठवड्यांत कळलं.

फौज पोटावर चालते हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. मे १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसच्या फौजेचं पोट रिकामं होतं. ती बंगळूरहून श्रीरंगपट्टणकडे निघाली तेव्हा टिपूने वाटेतला चारा जाळून टाकला होता, गावं रिकामी करवली होती. १५ मे ला इंग्रजांनी श्रीरंगपट्टणजवळ लढाई जिंकली, पण बैल हजारोंनी मरत होते, पाऊस लागला होता, शिपायांना धान्य नव्हतं. शेवटी किल्ले फोडायच्या अवजड तोफा स्वतःच्याच हातांनी निकामी करून फौज मागे वळली. आणि मेलकोट्याच्या बाजूला समोरून घोडेस्वार दिसले. इंग्रजांना आधी वाटलं, टिपूचेच. ते होते हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांचे मराठे. दोन दोस्त फौजा एकमेकींपासून काही मजलांवर होत्या आणि एकीला दुसरीची खबर नव्हती. मधले सगळे जासूद टिपूच्या हलक्या स्वारांनी अडवले होते.

मराठ्यांच्या छावणीबरोबर बाजार होता. उपाशी इंग्रज फौज त्या बाजारावर जगली, चढ्या भावाने का होईना. मार्क विल्क्स या इंग्रज इतिहासकाराने त्या बाजाराचं वर्णन करून ठेवलं आहे. विलायती कापड होतं, बर्मिंगहॅमचे चाकू होते, काश्मिरी शाली होत्या, हिरे होते, आणि लुटल्या गेलेल्या एखाद्या गरीब खेडवळ मुलीच्या कानातलं चांदीचं डूलही होतं. या यादीत वाचणाऱ्याचे डोळे शालींवर थांबतात. थांबायला हवेत त्या डुलावर. बाजार एवढा भरलेला का होता, याचं उत्तर तिथे आहे. मोहिमेचा खर्च मुलखातून काढायचा हा तेव्हाच्या सगळ्याच फौजांचा रिवाज होता आणि मराठी फौज त्याला अपवाद नव्हती. पेशव्यांच्या सरदारांना पैशांचीही टंचाई होती. त्यांना कर्ज देण्यासाठी कॉर्नवॉलिसने चीनच्या व्यापाराला निघालेल्या जहाजांवरचं नाणं मद्रासला उतरवून घेतलं.

त्याच वर्षी शृंगेरीत जे घडलं ते मराठीत बहुधा घाईने उरकलं जातं. उरकून चालणार नाही. रघुनाथराव पटवर्धनांच्या सैन्याबरोबरच्या लुटारूंनी शृंगेरीचा मठ लुटला, माणसं मारली, शारदेची मूर्ती हलवली गेली. शंकराचार्य सच्चिदानंद भारतींना मठ सोडून कारकळला जावं लागलं. त्यांनी टिपूला पत्र लिहिलं. टिपूने बेदनूरच्या अंमलदाराला हुकूम पाठवला: देवीच्या पुनःप्रतिष्ठेसाठी दोनशे राहती (नाणी) रोख आणि दोनशे राहतींचं धान्य मठाला द्यावं. टिपूची मठाला लिहिलेली ही कानडी पत्रं म्हैसूरच्या पुराणवस्तू खात्याचे प्रमुख आर. नरसिंहाचार यांना १९१६ साली मठाच्या दप्तरात मिळाली. टिपूने इतरत्र काय केलं, याची मलबार आणि कोडगूमधली आठवण फार कडू आहे आणि ती खरीही आहे. त्याने शृंगेरीचा हा हुकूम खोटा ठरत नाही. आपल्या फौजेचा इतिहास आपणच लिहायचा तर हे पान त्यात बांधलेलं असलं पाहिजे.

इकडे बंगळूरमध्ये इंग्रजांनी मे महिन्यातल्या त्या पराभवासारख्या माघारीतून धडा घेतला तो रसदेचा. या कामात पुढे आला कॅप्टन अलेक्झांडर रीड. तो हेरखात्याचा प्रमुख होता, देशी भाषा जाणणारा होता. कुठल्या गावात किती धान्य, कुठला पाळेगार कोणाकडे झुकलेला, कुठल्या घाटातून बैल चढतील, हे त्याच्या कागदांत असे. त्याने लमाणांना, म्हणजे बंजाऱ्यांच्या तांड्यांना, हमी दिली: भाव मिळेल, बैलांना हात लागणार नाही. तांडे दोन्ही बाजूंच्या मुलखांतून जात, दोन्ही फौजांना विकत. पावसाळ्यानंतर हजारो लमाणी बैल धान्य घेऊन बंगळूरच्या वाटेला लागले. या तांड्यांच्या नायकांची नावं इतिहासाच्या ठळक पानांवर नाहीत. त्यांनी पाठ फिरवली असती तर १७९२ ची मोहीम निघालीच नसती.

जुलै १७९१ मध्ये होसूर आणि रायकोट्टाई इंग्रजांकडे आलं, म्हणजे घाटाचं दार उघडलं. फेब्रुवारी १७९२ मध्ये तिन्ही दोस्त श्रीरंगपट्टणला भिडले. १८ मार्चला तह झाला.

तहाची रीत पाहण्यासारखी आहे. अर्ध्या राज्याची वाटणी करायची होती, पण अर्धं म्हणजे काय? कोसांनी मोजलेलं नव्हे. टिपूच्या दप्तरातून तालुकावार वसुलाचे आकडे मागवले गेले. त्यावर घासाघीस झाली, आकडे फुगवले-दडवल्याचे आरोप झाले, आणि शेवटी तिघा दोस्तांना प्रत्येकी साधारण साडेएकोणचाळीस लाख रुपये वसुलाचा मुलूख मिळाला. मराठ्यांची हद्द तुंगभद्रेपर्यंत आली. निजामाला कृष्णा ते पेन्नार पट्ट्यातला भाग मिळाला. कंपनीने मलबार, कोडगू, दिंडिगल आणि बारामहाल घेतला. बंगळूर टिपूला परत मिळालं. होसूरही. त्यामुळे आज जे. पी. नगरहून कृष्णगिरीपर्यंत गाडीने तासा-दोन तासांत जो रस्ता संपतो, त्याच्या मध्यावर घाटाच्या माथ्याला एक आंतरराज्य सीमा तयार झाली. वर टिपू, खाली कंपनी. बंगळूरच्या किल्ल्याचा बराचसा तट टिपूने स्वतःच पाडला, पुन्हा शत्रूला तो आयता मिळू नये म्हणून.

खंडणी ठरली तीन कोटी तीस लाख रुपये आणि ती फिटेपर्यंत टिपूची दोन लहान मुलं ओलीस. त्या मुलांची चित्रं इंग्रज चित्रकारांनी पुष्कळ काढली. खंडणी कोणी भरली याचं चित्र कोणी काढलं नाही. विल्क्सने हिशेब दिला आहे: एक कोटी दहा लाख खजिन्यातून, साठ लाख फौजेकडून नजराणा म्हणून, आणि उरलेले एक कोटी साठ लाख अंमलदारांकडून आणि रयतेकडून. मुलूख अर्धा उरलेला, वर्षभर दोन-तीन फौजांनी तुडवलेला, आणि त्यातूनच जवळजवळ निम्मी खंडणी काढायची.

खाली बारामहालात कंपनीपुढे वेगळाच पेच होता. मुलूख हाती आला, पण चालवायचा कोणी? मद्रासच्या मुलकी अधिकाऱ्यांपैकी बहुतेकांना देशी भाषा येत नव्हत्या आणि त्यांच्या सचोटीवर कॉर्नवॉलिसचा विश्वास नव्हता. त्याने ते काम फौजी माणसांना दिलं. रीड प्रमुख, आणि त्याच्या हाताखाली ग्रॅहम, मॅक्लाउड आणि टॉमस मन्रो. मन्रो तेव्हा तिशीतला लेफ्टनंट होता, ग्लासगोच्या व्यापाऱ्याचा मुलगा, १७८० पासून मद्रासच्या फौजेत. सात वर्षं तो तिथे राहिला, धर्मपुरीला घर केलं, बाग लावली, आणि गावोगाव तंबू ठोकून शेतं पाहत फिरला.

या चौघांना तिथे मधला कोणी सापडेना. बंगालमध्ये जमीनदार होते, त्यांच्याशी कायमधारा ठरवून कंपनी मोकळी झाली होती. बारामहालातले पाळेगार हैदर आणि टिपूने आधीच उखडून टाकले होते आणि आपले अंमलदार थेट गावांवर बसवले होते. म्हणजे रयतवारीचं मैदान इंग्रजांच्या शत्रूनेच सपाट करून ठेवलेलं होतं. ही गोष्ट मन्रोच्या चरित्रकारांनी नेहमी पुरेशी मोठ्याने सांगितलेली नाही. नवी राजवट वाटते तितकी नवी नसते. तिच्या पहिल्या वसुलाचे आकडे आधीच्या राजवटीच्या शानभोगानेच, म्हणजे गावच्या हिशेबनिसानेच, लिहिलेले असतात.

हे फक्त अठराव्या शतकात घडतं असं नाही. १९४५ च्या ऑगस्टमध्ये दोन अमेरिकन अधिकाऱ्यांनी नकाशा पुढे घेऊन कोरियाची ३८ व्या अक्षांशावर वाटणी सुचवली. दक्षिणेत उतरलेल्या अमेरिकन लष्करी सरकारने कारभार चालावा म्हणून सुरुवातीला जपानी गव्हर्नर जनरललाच खुर्चीत ठेवलं. लोक इतके भडकले की काही दिवसांत त्याला हटवावं लागलं. पुढे युद्ध झालं, आणि १९५३ मध्ये मायदेशी न परतू इच्छिणाऱ्या साडेबावीस हजारांवर युद्धकैद्यांचं काय करायचं हे पाहायला भारताची माणसं गेली. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल के. एस. थिमय्या हे कोडगूचे आणि भारतीय संरक्षक दलाचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात हे कोल्हापूरकडचे. दक्षिण कोरियाने आपल्या भूमीवर पाऊल ठेवू दिलं नाही, म्हणून भारतीय सैनिक हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात उतरवले गेले. तिथल्या त्यांच्या छावणीचं नाव होतं हिंद नगर. दुभंगलेल्या देशात, कोणाच्याच नसलेल्या जमिनीवर, रोजच्या भाकरीपासून कैद्यांच्या दंग्यांपर्यंतचा कारभार त्यांनी काही महिने हाकला.

बारामहालातल्या मन्रोला दंग्यांपेक्षा मोठी चिंता होती ती रयत निघून जाण्याची. घाट चढला की टिपूचा मुलूख. कुळाला पट्टी जड झाली की ते रातोरात बैल सोडून पलीकडे जाई. टिपूचे अंमलदारही माणसं ओढायला टपलेले आणि रीडसुद्धा तगाई देऊन, कौल देऊन वरची माणसं खाली आणायला पाहत असे. जमीन भरपूर आणि नांगर कमी अशी ती वेळ होती. दोन अंमलांच्या मधली सीमा शेतकऱ्याला संकट होती तशी आधारही होती. त्याच्या हातात तेवढंच एक शस्त्र होतं.

रीडने शेतन् शेत मोजायला घेतलं. आधी काही वर्षांच्या मुदतीचे मक्ते दिले, ते मोडले. पीक बुडालं की मक्तेदार बुडे. डिसेंबर १७९६ मध्ये त्याने जाहीरनामा काढला: प्रत्येक कुळाने दर वर्षी हवी तेवढी जमीन घ्यावी, नको ती सोडावी, आणि मोजणीने ठरलेला आकार थेट सरकारात भरावा. मन्रो आधी साशंक होता, मग तोच या रीतीचा सर्वांत मोठा वकील झाला. पण आकार चढाच ठरला होता. टिपूच्या दप्तरातले युद्धकाळचे फुगीर आकडे पायाला होते आणि कंपनीला लढाईचा खर्च काढायचा होता. मन्रोला हे कळत होतं. पुढे निजामाकडून कंपनीला मिळालेल्या बळ्ळारी-कडप्याच्या मुलखात सात वर्षं काढल्यावर त्याने १८०७ मध्ये आकार पंचवीस टक्के उतरवावा अशी मागणी केली. ती फेटाळली गेली.

त्याच मन्रोची गाठ १८१७ मध्ये पेशवाईशी पडली. जूनच्या पुणे करारात बाजीरावाने धारवाड सोडलं होतं आणि ते ताब्यात घ्यायला मन्रो आला होता. नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली, युद्ध पेटलं, आणि धारवाडात मन्रोजवळ सांगण्यासारखी फौज नव्हती. त्याने जे केलं ते बारामहालात शिकलेलं होतं. जे तालुके अजून शत्रूच्या हातात होते, त्यांच्यावर त्याने आपले अंमलदार नेमून टाकले. प्रत्येकाने स्थानिक प्यादे भरती करायचे, गावात शिरायचं, वसूल आपल्या नावाने सुरू करायचा आणि त्याच वसुलातून प्याद्यांचा पगार द्यायचा. नवलगुंद ही पेशव्यांचे सरदार गोखले यांची जहागीर. तिथे रामराव नावाच्या देशी अंमलदाराने काहीशे प्याद्यांनिशी गोखल्यांच्या स्वारांना हुसकून लावलं. गावकऱ्यांनी साथ दिली, कारण गोखल्यांच्या वसुलीने ते पिचलेले होते. किल्ल्याआधी वसूल घेतला की किल्ला एकटा पडतो. फेब्रुवारी १८१८ मध्ये बदामी, एप्रिलमध्ये बेळगाव, मे मध्ये सोलापूर.

पेशवाईचा शेवट मराठीत नेहमी कोरेगाव, अष्टी, शनिवारवाड्यावरचं निशाण अशा ठिकाणी सांगितला जातो. कर्नाटकातल्या मराठी मुलखात तो पट्टीच्या पावतीवरचं नाव बदलून झाला, हे आपल्या आठवणीत फारसं नाही.

मन्रोच्या हाताखाली बळ्ळारीत तयार झालेला विल्यम चॅप्लिन धारवाडला प्रमुख कलेक्टर झाला आणि माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाल्यावर दख्खनचा कमिशनर. मग कंपनीच्या प्रिंगल या अधिकाऱ्याची मोजणी आली. निव्वळ उत्पन्नाच्या पंचावन्न टक्के सारा, कागदावर अगदी शास्त्रशुद्ध. प्रत्यक्षात मोजणीदारांनी लाच घेऊन काळ्या जमिनी माळ दाखवल्या आणि माळ काळे दाखवले. इंदापूर तालुक्यात पडीक वाढत गेलं. बारामहालातल्या कुळांनी जे केलं होतं तेच इंदापूरच्या कुणब्यांनी केलं. पूर्वेला निजामाची हद्द होती, ते तिकडे निघून गेले. १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि मागोमाग विंगेट हे कंपनीचे अधिकारी इंदापुरात आले, तेव्हा त्यांना ओस घरं आणि बाभळी वाढलेली शेतं दिसली. त्यांनी प्रिंगलचे आकडे टाकून दिले, शेतांच्या हद्दींवर दगड पुरले, प्रत्येक शेताला नंबर दिला, सारा बराच खाली आणला आणि तो तीस वर्षं वाढणार नाही असं सरकारकडून लिहून घेतलं. पुढच्या काही हंगामांत इंदापूरचं पडीक कमी होत गेलं, आणि निजामाच्या हद्दीत गेलेली कुळं बैल-नांगरांसह परत यायला लागली.